अठरा दिवसांची बिअर

माणसाच्या जिभेवर शेवटी कोणती चव राहते, यावरून त्याच्या आयुष्याचा अर्थ लागतो, असं माझं एके काळी ठाम मत होतं. एके काळी म्हणजे मागच्या उन्हाळ्यात, सुमारे अठरा दिवस.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि निवृत्त झाल्यापासून घरी बिअर करतो. या दोन कामांत मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हींत आपण स्वतः काही करत नाही. वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, आवाज होऊ द्यायचा नाही आणि बंद झाकणाच्या आत काहीतरी घडत असेल अशी आशा धरायची. घरी बिअर करणं कायद्यात कसं बसतं, याची मी चौकशी केलेली नाही. केली असती तर कळलं असतं.

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, अकोल्याला राहतात. ते सूतगिरणीत इंजिनिअर होते. तरुणपणी गिरणीनं त्यांना नव्या यंत्रांचं काम शिकायला तीन महिने बेल्जियमला पाठवलं होतं. तिथे एका रविवारी कारखान्यातल्या फोरमननं त्यांना गावाबाहेरच्या एका मठात नेलं. मठातले साधू बिअर करत. भाऊजींनी ती एक ग्लास प्यायली आणि सोमवारी कामावर गेले. हकिगत एवढीच आहे. पण त्या एका ग्लासावर ते पुढे पस्तीस वर्षं बोलत राहिले. आपल्याकडची बिअर त्यांनी दोनदा पिऊन पाहिली. दोन्ही वेळा ग्लास खाली ठेवताना, मशीनमधला बिघाड सापडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी तो विषय सोडला आणि सुपारीवर राहिले.

सुपारीनं आपलं काम केलं. मे महिन्यात गालाच्या आतल्या बाजूला न भरणारी जखम निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून पाहिला आणि ऑपरेशनची तारीख दिली. त्यानंतर दीड महिना रेडिएशनचा शेक घ्यावा लागणार होता. जीव वाचेल असं ते बऱ्यापैकी खात्रीनं म्हणाले. चवीबद्दल मात्र त्यांनी हात वर केले. काहींची वर्षभरात परत येते, काहींची येत नाही.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं होतो. ताई रिपोर्टांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. भाऊजी खिडकीतून काळी, मोकळी, पेरणीआधीची जमीन बघत होते. वर्धा मागे पडल्यावर ते म्हणाले, "तू ते डब्यात बिअर करते ना?"

"करतो."

"मंग मले ती करून दे. तिकडची."

"भाऊजी, तशी कडक बिअर मुरायला तीन महिने लागतात."

"ऑपरेशनले किती दिवस हायत?"

"अठरा," ताई म्हणाली.

"मंग अठरा दिवसांत कर."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत विनंती नव्हती, धाक होता. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. चाळीस वर्षांच्या सुपारीपुढे एक ग्लास बिअर काही नवीन बिघडवणार नाही, पण शेवटचे दोन दिवस नको, असं ते म्हणाले. म्हणजे हातात सोळाच दिवस राहिले.

माझ्याकडे एक यीस्ट होतं. पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ते पाकिटातून पाठवलं होतं. दिसायला दुधाच्या पातेल्याची खरवड वाळवून चुरावी तसं. नॉर्वेतले शेतकरी ते पिढ्यान् पिढ्या वाळवून जपत आले आहेत. एका घरचं संपलं की शेजारून आणतात, जसं आपण विरजण आणतो. नेहमीच्या यीस्टला थंडावा लागतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्यासाठी मी बिअरचा ड्रम टबात ठेवून भोवती बर्फाच्या बाटल्या लावत असे; तापानं फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बसल्यासारखं वाटे. या नव्या यीस्टला मात्र अडतीस-चाळीस अंश लागतात. तेवढी उष्णता मिळाली की महिन्याचं काम ते चार-पाच दिवसांत उरकतं. जिथे उन्हाळ्यातही स्वेटर घालतात, त्या देशातल्या शेतकऱ्यांनी असं यीस्ट नक्की कोणासाठी जपून ठेवलं होतं, याचा मी बराच विचार केला. उत्तर एकच निघत होतं: अकोल्यासाठी.

अमरावतीतही ऊन काही कमी नसतं. पण अकोल्याचे लोक तापमान सांगताना स्वतःच्या मुलाचे मार्क सांगितल्यासारखं सांगतात, आणि तो अभिमान खोटा नाही. शिवाय भाऊजींना बिअर डोळ्यांसमोर हवी होती. म्हणून मी भरडलेलं मोड आणलेलं सातू, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची वाळलेली फुलं, नळ्या, थर्मामीटर आणि ते पाकीट असा संसार घेऊन बसनं अकोल्याला गेलो.

ताईकडे कार्यात भात शिजवायचा मोठा गंज आहे. अंगणात गॅसची शेगडी मांडून त्यात आम्ही सातू गरम पाण्यात भिजवलं. पाणी तासभर सहासष्ट अंशांवर ठेवायचं असतं. भाऊजी थर्मामीटर धरून स्टुलावर बसले आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत दाखवला नसेल एवढ्या कडकपणानं शेगडी कमी-जास्त करू लागले. मग ते गोड पाणी गाळून उकळलं. त्यात फुलं टाकली, धणे टाकले आणि रंग व ताकद यावी म्हणून काळसर गूळ. तिकडचे लोक संत्र्याची साल घालतात. ती ताईकडे बरणीभर होती. हिवाळ्यात शेंदूरजनाघाटची संत्री येतात तेव्हा ती उटण्यासाठी साली वाळवून ठेवते.

"म्या तोंडाले लावाले ठेवल्या होत्या," ती म्हणाली.

"तोंडातच जाऊन राहिल्या ना," भाऊजी म्हणाले.

"तीन घंट्यापासून दोन शिकले-सवरलेले माणसं पाणी गरम करून राहिले. चहा पाह्यजे होता तं मले सांगायचं."

पाणी अडतीस अंशांवर उतरल्यावर ते पंधरा लिटरच्या ड्रममध्ये भरलं, वर यीस्ट भुरभुरलं आणि झाकण लावलं. झाकणावर पाणी भरलेली एक वाकडी नळी असते. आतला गॅस तिच्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो. ड्रम मधल्या खोलीत भिंतीशी ठेवला. तीन तासांनी पहिला बुडबुडा आला. संध्याकाळपर्यंत नळी घड्याळासारखी चालू लागली.

पुढचे दोन दिवस मला नीट आठवतात असं म्हणता येणार नाही, कारण त्यांतला बराचसा भाग मी अर्धवट झोपेत घालवला. दुपारी रस्ता ओस पडे. खिडक्यांना ओले पडदे असत आणि खोलीत शेवाळी उजेड. भाऊजी आणि मी चटईवर ड्रमच्या दोन बाजूंना पडलेले. बुडुक. मग तितकीच शांतता. बुडुक. गुळाचा, संत्र्याच्या सालीचा आणि कुठून कोण जाणे पिकल्या केळ्याचा वास हळूहळू खोलीत पसरत गेला; तो इतका दाट झाला की कुशीवर वळलं तर त्याची घडी पडेल असं वाटे.

त्या झोपाळू उजेडात भाऊजी मठाबद्दल सांगत. बोलताना जखम दुखे, म्हणून ते हळू आणि तुटक बोलत, आणि मधली जागा बुडबुडे भरत. दगडी कमान होती. पांढऱ्या झग्यातले साधू होते, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ग्लास आणणाऱ्यानं तो देव्हाऱ्यात समई ठेवावी तसा टेबलावर ठेवला. पहिल्या घोटाला खारीक लागते, मग लवंग, मग बराच वेळ काहीच नाही आणि सगळ्यात शेवटी ओल्या मातीसारखं काहीतरी. पहिल्या दिवशी त्या मठाबाहेर पाऊस पडत होता. दुसऱ्या दिवशी बर्फ पडत होता. मी ते लक्षात आणून दिलं नाही. मठ, मौन, झगे या सगळ्याबद्दल मला मुळातच थोडा संशय आहे. बोलायला बंदी असलेल्या माणसांच्या मालाची एवढी जाहिरात कशी होते, हे मला कधी कळलेलं नाही. पण डोळे मिटले की मलाही ते साधू दिसायचे. मूर्तिजापूरच्या प्लॅटफॉर्मवर ते ओळीनं उभे असत. हातात पितळी डबे. गाडी त्यांच्यासमोरून न थांबता जायची आणि त्यांतला कोणीही नाराज व्हायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीला गेलो. जाड काचेच्या बाटल्या आणि झाकणं बसवायचं यंत्र घरी राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तेव्हा दाराशीच काहीतरी खटकलं. घरात कूलरची घरघर होती आणि बुडबुड्याचा आवाज नव्हता.

मधल्या खोलीत कूलर जागचा हलवून थेट ड्रमसमोर लावला होता. ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं होतं, माठाला गुंडाळतात तसं. ताई आणि भाऊजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याबाहेर, घामानं निथळत बसले होते.

"हे कोणी केलं?"

"म्या," ताई म्हणाली. "काल हात लावून पाह्यला तं चटका बसला. म्हणलं, इतकं मन लावून काम करून राहिलं बिचारं, त्याले भल्ली गरमी होत असन. आमाले काय, आमी सवयीचे."

"आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत?" मी भाऊजींना विचारलं.

"मशीन तापलं तं थंड करते माणूस," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "काहून? करायचं नोयतं?"

आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला की त्याला पाणी देतात आणि कूलरसमोर बसवतात. घरच्यांचं काय होतं ते कोणी विचारत नाही. ताईनं यीस्टला पाहुण्याचा मान दिला होता. ड्रममध्ये पंचवीस अंश होते. मी थोडं द्रव काढून त्यात साखर मोजायचा तरंगकाटा सोडला. निम्मीसुद्धा साखर संपली नव्हती. तसं ते नुसतं गोड, जडसर पाणी होतं. कडक बिअर व्हायला त्यातली बहुतेक साखर यीस्टनं खायला हवी होती, आणि यीस्ट तळाशी जाऊन झोपलं होतं.

भाऊजी उठून ड्रमजवळ आले. त्यांनी पोतं बाजूला केलं आणि तळवा ड्रमवर ठेवला.

"मेलं काय?"

"नाही. थंडीनं झोपलंय."

"उठते काय?"

"माहीत नाही."

त्यांनी हात काढला नाही. बारा दिवस उरले होते. बाटल्यांत गॅस धरायला त्यांतला निदान आठवडा हवा होता. ताई कूलरचं बटण बंद करायला गेली आणि तिथेच, आमच्याकडे पाठ करून, गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. यीस्टला गरमीच हवी असते हे तिला न सांगता गेलो, ही चूक माझी होती. मी तसं म्हणालो. तिनं ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

"गच्चीवर न्या त्याले," ती वळून म्हणाली.

"कुठे?"

"टिनाच्या खोलीत. कुरडईचे गहू भिजवते मी, तीन दिवस. एखाद्या साली पाणी आंबत नाई, तवा मी गंज उचलून टिनाखाली ठेवते. दुसऱ्या दिवशी वास येते. तुमचं हे काय वेगळं हाय?"

मी चार वर्षं या विषयावर वाचत होतो. यापेक्षा वेगळा सल्ला मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता, आणि तिथे तो चाळीस पानांचा असता.

ड्रम आम्ही दोघांनी उचलला. भाऊजींना मी नको म्हणत होतो, पण मालाच्या वाहतुकीबाबत ते कोणाचं ऐकत नाहीत. चौदा पायऱ्यांना पंधरा मिनिटं लागली. टिनाच्या खोलीत वाळलेल्या कुरडया, पापडाचे डबे आणि जुन्या गाद्या होत्या, आणि आत शिरताक्षणी कानशिलं तापवणारी हवा. ड्रम कोपऱ्यात ठेवून मी तो हलकेच घोळवला, म्हणजे तळाचं यीस्ट वर यावं. ताईनं वरून गोधडी पांघरली.

शेजारच्या बाई आपल्या गच्चीवर मिरच्या उलटत होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं.

"काय वो, कोणाले थंडी वाजून राहिली तुमच्या घरी?"

"पाव्हण्याले," ताई म्हणाली.

"कुठचे हायत?"

"लय दूरचे."

बाहेर चव्वेचाळीस अंश होते. खोलीत त्याहून जास्त होऊ नये म्हणून भाऊजी दर अर्ध्या तासानं थर्मामीटर बघून खिडकीची झडप कमी-जास्त करत. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघंही तिथे गाद्यांवर बसलो होतो. कोणी कोणाला वर ये म्हटलं नव्हतं. पत्रा कडकड वाजत होता. झडपेतून उन्हाची एक पट्टी येऊन कुरडयांवर पडली होती आणि त्या आतून पेटल्यासारख्या दिसत होत्या. एका क्षणी मला वाटलं, आपण तिघं तळाशी आहोत आणि वर कुठेतरी, दूर, पाण्याचा पृष्ठभाग आहे.

बुडुक.

ताईनं मान वर केली. भाऊजींनी बोट ओठांवर ठेवलं. बऱ्याच वेळानं दुसरा आला. मग तिसरा. संध्याकाळी उतरलो तेव्हा नळी पुन्हा चालू लागली होती, आणि जिन्यात भाऊजींनी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, ताईच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात काढा," ती म्हणाली, "घाम हाय."

तीन दिवसांनी तरंगकाटा तळाला गेला, म्हणजे साखर संपली. बाटल्या भरल्या, प्रत्येकीत चिमूटभर साखर घातली, झाकणं ठोकली आणि त्या त्याच खोलीत आठवडाभर उभ्या करून ठेवल्या. शेवटचे दोन दिवस त्यांतल्या चार फ्रीजमध्ये होत्या.

सोळाव्या दिवशी दुपारी भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. त्या बिअरसाठी पायाचा रुंद ग्लासच लागतो असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून ताईनं कपाटातून आइस्क्रीमचे कप काढले. मी ग्लास तिरपा धरून सावकाश ओतलं. गडद तांबूस, वर बोटभर फेस. फसफस ऐकू येत होती. भाऊजींनी ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला, दुखऱ्या गालाला लागू नये म्हणून मान डावीकडे कलवली आणि एक घोट घेतला. मग डोळे मिटले.

मी समारंभांचा चाहता नाही, पण त्या क्षणी कूलरही बंद असता तर बरं, असं मला वाटलं.

"कशी आहे?"

त्यांनी दुसरा घोट घेतला. जिभेवर बराच वेळ ठेवला.

"हे ते नाई," ते म्हणाले.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"ते कसं होतं मंग?" तिनं विचारलं.

भाऊजी सांगायला लागले. खारीक, म्हणाले, आणि थांबले. पुन्हा एक घोट घेतला, जणू मदतीला. बराच वेळ ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे पस्तीस वर्षं एक मठ उभा होता, आणि मला वाटतं, त्या दुपारी तो हळूहळू, आवाज न करता, भिंतीत मिसळून गेला.

"आता याद नाई येऊन राहिलं," ते म्हणाले. "आता हेच याद येऊन राहिलं."

त्यात दुःख होतं का, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी ग्लास संपवला. ताईनं माझ्या ग्लासातला एक घोट घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"कुरडईच्या तिसऱ्या दिवसाचं पाणी हाय हे. त्यात उटणं."

"हाव," भाऊजी अतिशय समाधानानं म्हणाले. "तेच म्हणत होतो. भर अजून अर्धा."

मग त्यांना झोप आली. ती बिअर नऊ-दहा टक्क्यांच्या घरात असावी. इस्त्रीच्या शर्टासकट ते चटईवर आडवे झाले, आणि ताईनं कूलर त्यांच्याकडे वळवला.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं आणि व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी मला भेटायला सोडलं. त्यांना बोलता येत नव्हतं. नाकात नळी होती आणि हातात वही-पेन. मी खुर्ची जवळ ओढली. जे वाक्य मी प्रवासभर जुळवत आलो होतो, ते शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं: शेवटची ती चव अजून जिभेवर आहे का?

भाऊजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वही घेतली आणि इंजिनिअरच्या सुटसुटीत अक्षरात लिहिलं, की ऑपरेशनला नेण्याआधी नर्सनं दोनदा औषधाच्या गुळण्या करायला लावल्या, आणि ते औषध पुदिन्याचं होतं.